फुटबॉलचे चित्र आणि बारा पंचकोन

शिक्षकांच्या शिबिरात आम्ही कधी कधी सुरुवातीलाच एक साधे काम देतो : ‘आठवणीने फुटबॉलचे चित्र काढा, वेळ पाच मिनिटे.’ काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा फुटबॉल सर्वांनी पाहिलेला असतो, त्यामुळे कोणी कुरकुर करत नाही. पाच मिनिटांनी सगळे कागद भिंतीवर लावले की गंमत दिसते. जवळजवळ प्रत्येक कागदावर एक वर्तुळ असते. त्यात काहींनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनच षटकोन भरलेले असतात. काहींचे पंचकोन एकमेकांना खेटून बसलेले असतात. काहींनी मधोमध एक काळा पंचकोन नीट काढून कडेला अंदाजाने काळे ठिपके दिलेले असतात. दुरून सगळेच फुटबॉल वाटतात. पण त्यांतले बहुतेक चेंडू कोणी शिवायला घेतले तर ते शिवले जाणार नाहीत.

ही चूक फक्त आपल्याकडे होते असे नाही. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या मैदानाकडे जाण्याचा रस्ता दाखवणाऱ्या पाटीवर चेंडूचे चित्र असते. त्या चेंडूवर नुसते षटकोन काढलेले होते. गणिताच्या प्रसाराचे काम करणाऱ्या मॅट पार्कर यांनी २०१७ साली ही पाटी सुधारावी म्हणून सरकारकडे अर्ज केला आणि त्यावर दहा हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. सरकारने नकार दिला. पाटीचे काम रस्ता दाखवणे हे आहे, भूमिती शिकवणे हे नव्हे, अशा आशयाचे उत्तर आले.

रस्त्यावरच्या पाटीपुरते ते उत्तर मान्य करता येईल. वर्गातल्या फळ्याला मात्र ते लागू नाही. फळ्यावरच्या चित्रावरून विद्यार्थी काही मोजणार असतात, काही ताडून पाहणार असतात. म्हणून या लेखात आपण दोन गोष्टी करणार आहोत. फुटबॉलवर पंचकोन का लागतात आणि ते बाराच का, हे पाहू. मग पट्टी व कंपास घेऊन असे चित्र काढू की ज्यातला प्रत्येक बिंदू योग्य त्याच जागी असेल. लेखासोबत आकृती मुद्दामच दिलेली नाही. ती वाचकांच्या वहीत तयार व्हायची आहे.

नुसत्या षटकोनांचा चेंडू का होत नाही?

आपण ज्या चेंडूबद्दल बोलत आहोत तो जगभर ओळखीचा झाला १९७० साली मेक्सिकोत झालेल्या विश्वचषक स्पर्धेमुळे. आदिदास कंपनीच्या त्या चेंडूचे नाव होते ‘टेलस्टार’. त्यावर १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन, असे ३२ तुकडे होते. तेव्हाच्या कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू उठून दिसावा, हा या रंगसंगतीमागचा हेतू होता. पुढे विश्वचषकाच्या चेंडूंची रचना बदलत गेली. २००६ साली १४ तुकड्यांचा, तर २०१४ साली अवघ्या सहा तुकड्यांचा चेंडू वापरला गेला. तरीही ‘फुटबॉल’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो ३२ तुकड्यांचाच चेंडू.

जाड कागदाचे तीन सुसम षटकोन कापून घ्या आणि त्यांचा एकेक कोपरा एका बिंदूत जुळवा. सुसम षटकोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून तिन्ही कोनांची बेरीज बरोबर ३६० अंश होते. तीन षटकोन टेबलावर सपाट बसतात. त्यांच्या कडेने कितीही षटकोन जोडत गेलो तरी फरशी तयार होईल, चेंडू होणार नाही. आता तीनपैकी एक षटकोन काढून त्याच्या जागी तेवढ्याच बाजूचा पंचकोन ठेवा. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. बेरीज झाली १२० + १२० + १०८ = ३४८ अंश. बारा अंशांची फट राहते. ती चिकटपट्टीने मिटवली की कागद आपोआप उचलला जातो आणि त्याला वाटीसारखा फुगीरपणा येतो. चेंडूची गोलाई या बारा अंशांतून येते.

कोणी म्हणेल, ‘षटकोन थोडे वेडेवाकडे केले, काही लहान, काही मोठे घेतले, तर जमेल की!’ तरीही जमत नाही. याचे कारण ऑयलरच्या सूत्रात आहे. कोणत्याही साध्या बंद घनाकृतीत

शिरोबिंदू − कडा + पृष्ठे = २

हे आपण शाळेत शिकवतो. समजा, चेंडूवर पंचकोनांची संख्या ‘प’ आणि षटकोनांची संख्या ‘ष’ आहे आणि प्रत्येक शिरोबिंदूत तीन तुकडे मिळतात. सुट्या तुकड्यांच्या एकूण बाजू ५प + ६ष होतात. शिवताना दोन बाजूंची मिळून एक कड होते, म्हणून कडा = (५प + ६ष) ÷ २. तीन कोपऱ्यांचा मिळून एक शिरोबिंदू होतो, म्हणून शिरोबिंदू = (५प + ६ष) ÷ ३. पृष्ठे अर्थातच प + ष. या किमती सूत्रात घालून दोन्ही बाजूंना ६ ने गुणले की

२(५प + ६ष) − ३(५प + ६ष) + ६(प + ष) = १२

म्हणजेच − ५प − ६ष + ६प + ६ष = १२. षटकोन दोन्हीकडून कटतात आणि उरते प = १२.

या उत्तरावर थोडे थांबायला हवे. तुकडे सुसम असलेच पाहिजेत, सारखेच असले पाहिजेत, असे आपण कोठेही गृहीत धरलेले नाही. आपण फक्त मोजदाद केली. तरीही पंचकोन बाराच येतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. षटकोन किती, याबद्दल समीकरण काहीच सांगत नाही. ती संख्या फुटबॉलच्या वेगळ्या नियमावरून मिळते. फुटबॉलवर कोणतेही दोन पंचकोन एकमेकांना लागून नसतात आणि प्रत्येक षटकोनाच्या सहा बाजूंपैकी एकाआड एक तीन बाजूंना पंचकोन असतात. बारा पंचकोनांच्या मिळून ६० बाजू. प्रत्येक षटकोन त्यांतल्या तीन घेतो, म्हणून षटकोन ६० ÷ ३ = २०. एकूण शिरोबिंदू ६०, कडा ९० आणि पृष्ठे ३२. ६० − ९० + ३२ = २, ताळा जमला.

चेंडूच्या आत दडलेली घनाकृती

हे ३२ तुकडे कागदावर कोठे कोठे येतील हे एकेक करून ठरवायला बसलो तर गोंधळ उडेल. त्यापेक्षा चेंडूच्या मुळाशी असलेली सोपी घनाकृती शोधू. ती म्हणजे विंशतिफलक : वीस समभुज त्रिकोणांनी बनलेली घनाकृती. तिला १२ शिरोबिंदू आणि ३० कडा असतात. प्रत्येक शिरोबिंदूत पाच त्रिकोण मिळतात.

बटाट्याचा असा विंशतिफलक कापला आहे अशी कल्पना करा. आता प्रत्येक कडेचे तीन समान भाग करा आणि प्रत्येक टोक, कडेचा एक-तृतीयांश भाग जाईल अशा बेताने, सुरीने सपाट उडवा. टोकाशी पाच कडा येत होत्या, म्हणून तेथे पंचकोन उघडा पडेल. टोके बारा, म्हणून पंचकोन बारा. प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोपरे गेल्यामुळे त्याचा षटकोन होईल. त्रिकोण वीस, म्हणून षटकोन वीस. हाच आपला फुटबॉल! त्यात हवा भरली की सपाट तुकडे बाहेर फुगतात आणि तो गोल होतो.

ही घनाकृती फुटबॉलपेक्षा फार जुनी आहे. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींत ती आहे. त्याचे मूळ लेखन नष्ट झाले. पॅपस या नंतरच्या गणितज्ञाच्या ग्रंथामुळे ती माहिती आपल्यापर्यंत पोहोचली. १५०९ साली छापल्या गेलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंचीने जी चित्रे काढली, त्यांतही ती आहे. मागच्या कडाही दिसाव्यात म्हणून त्याने एका चित्रात तिचा नुसता सांगाडा काढला आहे.

चित्र काढण्याआधी आणखी एक गोष्ट लागेल. उन्हात एक पट्टी तिरपी धरा. तिची सावली पट्टीपेक्षा आखूड पडेल. पण पट्टीवर बरोबर एक-तृतीयांशावर टाचणी लावली असेल, तर टाचणीची सावलीही पट्टीच्या सावलीच्या एक-तृतीयांशावरच पडते. सूर्यकिरण समांतर असतात, म्हणून लांबी बदलली तरी एकाच रेषेवरचे प्रमाण बदलत नाही. यालाच समांतर प्रक्षेप म्हणतात. याचा अर्थ असा, की विंशतिफलकाचे चित्र आधी काढून त्यातल्या प्रत्येक रेषेचे तीन समान भाग केले, तर ते बिंदू फुटबॉलच्या शिरोबिंदूंच्याच जागी येतील. चेंडू वेगळा काढावा लागणार नाही.

आता चित्र काढू

पहिली पायरी : दशकोन. विंशतिफलक एका टोकावर उभा करून बरोबर वरून पाहिला, तर मध्यभागी वरचे टोक दिसते. त्याच्या खाली पाच शिरोबिंदूंचे एक कडे आणि त्याखाली तेवढेच मोठे, पण ३६ अंशांनी फिरलेले, दुसरे पाच शिरोबिंदूंचे कडे असते. वरून दोन्ही मिळून सुसम दशकोन दिसतो. बारावे टोक मागे लपलेले असते.

‘म’ हे केंद्र घेऊन ६ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ पेन्सिलीने फिकट काढा. कखहा आडवा आणि गघ हा उभा, असे परस्परांना लंब दोन व्यास काढा. मख या त्रिज्येचा मध्यबिंदू ‘त’ घ्या. ‘त’ केंद्र व तग त्रिज्या घेऊन मक या त्रिज्येला छेदणारा कंस काढा. छेदनबिंदूला ‘थ’ म्हणा. आता मथ ही या वर्तुळात बसणाऱ्या सुसम दशकोनाची बाजू आहे आणि गथ ही सुसम पंचकोनाची बाजू. ही रचना टॉलेमीच्या अल्माजेस्ट या ग्रंथात आहे. मोजून पाहिल्यास मथ सुमारे ३.७१ सेंमी आणि गथ सुमारे ७.०५ सेंमी भरेल. मथ हे अंतर कंपासमध्ये घेऊन ‘ग’ पासून वर्तुळावर दहा खुणा करा. लहान वर्गांत कोनमापकाने ३६-३६ अंशांच्या खुणा केल्या तरी चालेल. या बिंदूंना ओळीने अ१, ब१, अ२, ब२ ... अ५, ब५ अशी नावे द्या.

दुसरी पायरी : विंशतिफलक. सर्व रेषा फिकट काढा. ‘म’ पासून पाचही ‘अ’ बिंदूंपर्यंत पाच रेषा. अ१अ२, अ२अ३ अशा पाच रेषा, म्हणजे मोठा पंचकोन. आणि अ१ब१, ब१अ२ अशा दशकोनाच्या दहा बाजू. एकूण वीस रेषा झाल्या आणि दहा त्रिकोण तयार झाले : पाच मध्याभोवती, पाच कडेला चपटे. उरलेले दहा त्रिकोण मागच्या बाजूला आहेत.

तिसरी पायरी : त्रिभाजन. ‘म’ केंद्र घेऊन २ सेंमी आणि ४ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळे काढली की पाचही मअ रेषांचे तीन समान भाग होतात. बाकी रेषांसाठी मोजपट्टीही लागत नाही. २ सेंमीचे वर्तुळ मोठ्या वर्तुळाच्या बरोबर एक-तृतीयांश आहे. म्हणून त्यात बसणाऱ्या पंचकोनाची बाजू अअ रेषेच्या एक-तृतीयांश असणार आणि दशकोनाची बाजू अब रेषेच्या एक-तृतीयांश. ‘म’ पासून ब बिंदूंकडे पट्टी धरून लहान वर्तुळावर त्या दिशांच्याही खुणा करा. आता लहान वर्तुळावर दहा खुणा झाल्या. एक सोडून एक खुणेतले अंतर (सुमारे २.३५ सेंमी) कर्कटकात घेऊन प्रत्येक अअ रेषेवर दोन्ही टोकांकडून खूण करा. लगतच्या दोन खुणांतले अंतर (सुमारे १.२४ सेंमी) घेऊन दशकोनाच्या प्रत्येक बाजूवर तसेच करा.

चौथी पायरी : जोडणी. ‘म’ च्या सर्वांत जवळचे पाच त्रिभाजन-बिंदू ठळक रेषांनी जोडा. मधला पंचकोन मिळाला. प्रत्येक ‘अ’ च्या भोवतीही पाच बिंदू आहेत : एक ‘म’ च्या दिशेचा, दोन शेजारच्या ‘अ’ च्या दिशेचे आणि दोन दशकोनाच्या बाजूंवरचे. ते क्रमाने जोडा. चपटा पंचकोन मिळेल. प्रत्येक ‘ब’ जवळ दोनच बिंदू आहेत. ते एका रेषेने जोडा. आता वीसही फिकट रेषांचे फक्त मधले तृतीयांश ठळक करा आणि टोकांकडचे भाग खोडून टाका. मोठे वर्तुळ आणि मदतीच्या बाकी रेषाही खोडा. सहा पंचकोन काळे रंगवा.

पाचवी पायरी : गोलाई. सर्वांत बाहेरचे वीस बिंदू ‘म’ पासून सारख्याच अंतरावर आहेत. त्यांच्यामधून जाणारे वर्तुळ (त्रिज्या सुमारे ५.७ सेंमी) काढले की चेंडू पूर्ण झाला.

चित्र बरोबर आले का?

बाहेरच्या कडेवर वीस रेषाखंड आहेत, एक लांब, एक आखूड असे. दहाही लांब रेषाखंड मधल्या पंचकोनाच्या बाजूइतके, म्हणजे २.३५ सेंमी भरले पाहिजेत. या कडा कागदाला समांतर आहेत, म्हणून त्यांची लांबी चित्रातही खरीच राहते. ठळक रेषा मोजल्या तर ५५ भरतील. दिसणारी पृष्ठे १६ : सहा पंचकोन आणि दहा षटकोन. म्हणजे ३२ पैकी बरोबर निम्मी पुढे आणि निम्मी मागे.

कडेच्या पंचकोनांकडे नीट पाहा. मधल्या पंचकोनाची उंची सुमारे ३.६ सेंमी आहे, तर त्यांची अवघी १.६ सेंमी. प्रत्यक्षात सहाही पंचकोन सारखेच आहेत. कडेचे तिरपे असल्यामुळे दबलेले दिसतात. आठवणीने चित्र काढणाऱ्याची सर्वांत मोठी चूक येथेच होते. तो कडेचे पंचकोनही मधल्याइतकेच पसरट काढतो, मग जागा पुरत नाही आणि षटकोनांची मोडतोड होते.

एका रात्रीची गोष्ट

हे सारे फुटबॉलपुरतेच असते तर विरंगुळा म्हणून सोडून देता आले असते. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली हे शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांसह कार्बनच्या वाफेवर प्रयोग करत होते. त्यांना ६० अणूंचा एक कार्बन-समूह वारंवार आणि ठळकपणे मिळू लागला. साठ अणू कोणत्या रचनेत इतके स्थिर राहत असतील? ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत असतात, हे ठाऊक होते. स्मॉली यांनी रात्री घरी बसून कागदाचे षटकोन कापले आणि ते जोडून बंद आकार करण्याचा प्रयत्न केला. तो जमेना, आणि आपल्याला आता ठाऊक आहे की तो जमणारच नव्हता. मग क्रोटो यांनी आपल्या मुलांसाठी केलेल्या, पंचकोनही असलेल्या एका पुठ्ठ्याच्या घुमटाची आठवण सांगितली होती, ती त्यांना आठवली. षटकोनांत पंचकोन मिसळताच कागद वळू लागला आणि अखेर ६० कोपऱ्यांचा गोळा तयार झाला. या आकाराला काय म्हणतात, असे त्यांनी विद्यापीठाच्या गणित विभागात विचारले. उत्तर आले : हा तर फुटबॉल!

या रेणूला बकमिन्स्टरफुलरीन असे नाव मिळाले आणि १९९६ साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. असा रेणू शक्य आहे हे जपानच्या एइजी ओसावा यांनी १९७० सालीच जपानी भाषेत लिहिले होते, पण बाहेरच्या जगाचे तिकडे लक्ष गेले नाही.

प्रत्येक कोपऱ्यात १२ अंशांची फट आणि कोपरे ६०, म्हणून एकूण फट ७२० अंश. कोणत्याही बहिर्वक्र घनाकृतीत ही बेरीज ७२० च येते, हे देकार्तने दाखवले होते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर प्रत्येकी ९० अंश, बेरीज ७२०. फुलरीनचे रेणुवस्तुमानही ६० गुणिले १२, म्हणजे ७२० आहे. तो मात्र निव्वळ योगायोग.

वर्गासाठी

हे चित्र नववी-दहावीच्या वर्गात दोन तासिकांत पूर्ण होते. पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांना आठवणीने फुटबॉल काढू द्यावा आणि ते कागद जपून ठेवावेत. रचना पूर्ण झाल्यावर प्रत्येकाने आपल्याच पहिल्या चित्रातल्या चुका शोधाव्यात. शिक्षकांनी दाखवू नयेत. वेळ असल्यास ४.५ सेंमी बाजूचे १२ पंचकोन व २० षटकोन पुठ्ठ्यातून कापून चिकटवावेत. खऱ्या फुटबॉलएवढा, सुमारे २२ सेंमी व्यासाचा चेंडू होतो.

शेवटी एक कोडे. आपल्या चित्रात पंचकोन मध्यभागी होता. षटकोन मध्यभागी हवा असेल तर? ६ सेंमीच्या वर्तुळात सुसम षटकोन काढा. त्याच केंद्रातून मथ या त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यात एक समभुज त्रिकोण असा बसवा की त्याचे कोपरे षटकोनाच्या एकाआड एक कोपऱ्यांच्या दिशेने येतील. त्रिकोणाचा प्रत्येक कोपरा त्याच्या समोरच्या षटकोनाच्या कोपऱ्याला आणि त्या कोपऱ्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना जोडा. विंशतिफलक पुन्हा समोर येईल, या वेळी दुसऱ्या बाजूने. पुढचे काम तेच : प्रत्येक रेषेचे तीन भाग. किती पंचकोन पूर्ण दिसतात आणि किती मागे जातात, हे विद्यार्थ्यांना आधी तर्काने सांगू द्या आणि मग चित्रावरून पडताळू द्या. उत्तर चुकले तरी हरकत नाही. चूक कोठे झाली हे त्यांचे स्वतःचेच चित्र त्यांना सांगेल.